मायलेकींनी एक दिवस आधी निघावे

कचेरी सरकारी असो की खाजगी, रजेच्या अर्जावर ‘रजेचे कारण’ असा एक रकाना असतोच. गेली वीस वर्षे कारकुनाच्या खुर्चीवर बसून मी असे अर्ज पुढे पाठवीत आले आहे. बाईच्या अर्जातील कारणे आता मला पाठ झाली आहेत. मुलाचे आजारपण, सासूबाईंचे ऑपरेशन, पुतणीचे लग्न, पाहुणे, आणि काहीच सुचले नाही तर ‘घरगुती काम’. ‘मला फिरावयास जावयाचे आहे’ असे कारण लिहिलेला बाईचा अर्ज मी कधी पाहिला नव्हता. गेल्या नोव्हेंबरात तो मीच लिहिला. ‘मुलीसोबत कळसूबाई शिखर चढण्यासाठी तीन दिवस किरकोळ रजा मिळावी.’

रजा मंजूर झाली. पण कचेरीत, गल्लीत आणि नात्यात मिळून निदान चार जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘चढायला एक दिवस लागतो, मग तीन दिवस कशाला?’’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाचेच आहे. एक दिवस चढाईचा, एक परतीचा आणि एक नुसता जाण्याचा. हा जाण्याचा दिवस सहसा कुणी धरीत नाही. रात्री अकराला जीप ठरवायची, पहाटे तीनला पायथ्याशी उतरायचे, अंधारात चढायला लागायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी. म्हणजे रजा एकच खर्ची पडली. विशीतल्या पोरांना हे जमते. पण घरातल्या बाईने असे करायचे म्हणजे काय, ते मांडून पाहा. ती दिवसभर नोकरी नाहीतर मजुरी करणार, संध्याकाळचा स्वयंपाक करणार, मागचे आवरणार, दुसऱ्या दिवशीचे करून ठेवणार आणि घटकाभरही पाठ न टेकता जीपमध्ये बसणार. मग लोखंडी शिडीवर तिचे पाय थरथरले की लोक म्हणणार, हे बायकांचे काम नव्हे! बी.कॉम. करताना एक गोष्ट मी कायमची शिकले. जो खर्च वहीत दाखविला नाही तो नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून वसूल होतो. आदल्या दिवसाचा खर्च बाईच्या गुडघ्यातून वसूल होतो.

तेव्हा विश्रांती हे एक कारण झाले. पण तेवढ्यासाठी मी हा लेख लिहिला नसता. मायलेकींच्या सहलीत जाण्याच्या दिवसाला दुसरेही मोल आहे, आणि माझ्या मते ते शिखरापेक्षा कमी नाही.

उंबरठा ओलांडताना

आपल्या बायका प्रवास करीत नाहीत असे कुणी म्हणू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला लेकराबाळांसह जाणाऱ्या, फलाटावर रात्र काढणाऱ्या, भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन मैल मैल चालणाऱ्या आपल्या बाया मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या जाण्याची बरोबरी कशाशी होणार नाही. पण ते सोडले तर आपले बाकीचे जाणे कसले असते? लग्न, बाळंतपण, मयत, कोर्ट, दवाखाना. कुणाचे तरी काम निघाले की आपण निघतो. आपल्याला डोंगर पाहावयाचा आहे एवढ्याच कारणासाठी आई आणि मुलगी पिशवी भरून निघाल्या, असे माझ्या आईच्या पिढीत आमच्या घराण्यात घडले नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे हे तिने माझ्या भूगोलाच्या पुस्तकातून ऐकले, डोळ्यांनी पाहिले नाही.

म्हणून पहिली चढण घराच्या उंबरठ्याचीच असते. माझा एक नियम सांगते. भगिनींनी तो जरूर पाळावा. दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवून जाऊ नये. फ्रीजमध्ये डबे भरून गेलेली बाई सहलीला गेली असे होत नाही. ती स्वयंपाकघर पाठीवर बांधून गेली असे होते. घरात नवरा आहे, हातातोंडाशी आलेला मुलगा आहे, गॅस आहे, पीठ आहे. आमच्याकडे धाकट्याला खिचडी येते आणि ह्यांना पिठले येते, फक्त ते करण्याची वेळ त्यांच्यावर येऊ द्यावी लागते. भांडून नव्हे, आठ दिवस आधी सरळ सांगून. मीठ कुठे आहे हे विचारायला फोन येईल. ‘शोधा’ म्हणावे.

नदीच्या उलट दिशेने

२०२४ पासून आपल्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तरी बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येते. सकाळी साडेसातला आम्ही दोघींनी तारकपूर बसस्थानकावरून संगमनेरकडे जाणारी एस.टी. धरली. एस.टी.चे आणि नगरचे नाते जुने आहे. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावरच. आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व गाड्यांत निम्मे भाडे झाले. दोघींची दोन अर्धी मिळून एक पूर्ण तिकीट झाले. पूर्वी एका माणसाला जे पैसे पडत त्यात आम्ही मायलेकी गेलो.

नगरपासून कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एकाच जिल्ह्यात! १७,०४८ चौरस किलोमीटरचा आणि १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. नकाशात हे वाचणे वेगळे आणि एस.टी.च्या खिडकीतून दिवसभर पाहणे वेगळे. नगर शहराकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीकडे तो त्याच्या कित्येक पट कोसळतो, म्हणून त्या भागाला नगरची चेरापुंजी म्हणतात. विळद घाटातील उघडे माळ, राहुरीचे कृषी विद्यापीठ, मग कोल्हारच्या पुलाखाली प्रवरा नदी. इथून गाडी डावीकडे वळली की पुढचा जवळजवळ सगळा रस्ता प्रवरेच्या सोबतीने, पण तिच्या उलट दिशेने जातो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, रंधा धबधबा, भंडारदरा आणि शेवटी रतनगडावर नदीचा उगम. नदी खाली येते, आपण वर जातो.

मी मुलीला धरणाचे सांगितले. भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. ११ टीएमसीचे ते पाणी कालव्यांनी खाली आले म्हणून या पट्ट्यात ऊस झाला, आणि ऊस झाला म्हणून लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आपण नगर शहरात नळाचे पितो ते मुळा धरणाचे पाणी, आणि मुळेचाही उगम अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत. म्हणजे आपल्या ताटातील साखर आणि तांब्यातील पाणी दोन्ही ज्या डोंगरातून येते, तिकडे आपण निघालो आहोत. रात्रीच्या जीपमध्ये झोपून गेलेल्याला यातले काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट दिवसाउजेडी दिसते. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू होतो. कोल्हार सोडल्यावर रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या होत्या. पाथर्डीकडून, बीडकडून आलेली ही माणसे. एका कोपीपुढे चुलीशी बाई बसली होती आणि तिच्या पाठीशी बारा-तेरा वर्षांची मुलगी वाढे बांधीत होती. सकाळचे दहा वाजले होते, शाळेची वेळ. त्याही मायलेकीच, आणि त्याही घर सोडून प्रवासालाच आलेल्या. माझी मुलगी बराच वेळ मागे वळून पाहत राहिली. तिच्या आजोळीही तोड्यावर गेलेली माणसे होती, हे तिला ठाऊक आहे. आपल्या पिशवीतली सहल फुकट आलेली नाही, एवढे तिला त्या वेळी माझ्या बोलण्याशिवाय कळले.

लोणी ते संगमनेर

आता जे लिहिते ते मुलीच्या परवानगीने लिहिते. ती पुण्याला शिकते. फोनवर रोज बोलते. जेवलीस का, पैसे आहेत का, पेपर कसा गेला. लोणी सोडल्यावर गाडी बरीच रिकामी झाली. आम्ही शेंगा सोलीत होतो. खिडकीबाहेर पाहत ती एकदम म्हणाली, ‘‘आई, रूम बघायला गेलो होतो ना, तेव्हा त्या काकूंनी पूर्ण नाव विचारलं. मी माझं नि पप्पांचं सांगितलं. आडनाव गाळलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. रूम मिळाली. पण त्या आधारची झेरॉक्स मागतायत. दोन महिने टाळतेय. त्या जिन्यात दिसल्या की पोटात गोळा येतो.’’

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘‘मला मसूर स्टेशन आठवलं.’’

जुन्या वाचकांना मसूर स्टेशन म्हणजे काय हे सांगावयास नको. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगते. १९०१ सालची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून रेल्वेने निघाले. वडील गोरेगावला खजिनदार होते. मुलांचे पत्र त्यांना न मिळाल्याने मसूर स्टेशनावर न्यावयास कुणीच आले नाही. नव्या कपड्यांतील ही मुले महाराची आहेत असे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले गाडी देईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. वाटेत डबा होता, पाणी मिळेना. रात्री जकात नाक्यावर पाणी मिळावे म्हणून बाल भीमरावांना आपण मुसलमान असल्याचे सांगावे लागले. तरीही पाणी मिळाले नाही आणि मुलांना तसेच उपाशी निजावे लागले. बाबासाहेबांनी हा अनुभव पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिला आहे.

तोही एक जाण्याचाच दिवस होता! कपडे नवे, डबा भरलेला, मनात उत्साह, आणि पुढे नाव विचारणारा माणूस. सव्वाशे वर्षांनी माझ्या मुलीला पाणी कुणी नाकारीत नाही. बाटली विकत मिळते, एस.टी.त आमच्या शेजारी कोण बसले हे कुणी पाहत नाही. ही लढून मिळालेली गोष्ट आहे आणि ती लहान नाही. पण नाव विचारल्यावर घशात काही तरी अडकते, ते अडकणे अजून गेलेले नाही.

मी तिला भाषण दिले नाही. मंचावर भाषणे देण्याची मला सवय आहे. पोटच्या मुलीला शेजारी बसून त्याचा उपयोग नसतो. तिने नाव का गाळले हे मी विचारले नाही, कारण ते मला माहीत होते. मी एवढेच म्हणाले, ‘‘झेरॉक्स देऊन टाक. त्यांनी खोली सोडायला सांगितली तर मी रजा टाकून येते. दोघी मिळून दुसरी बघू.’’ तिने ‘बरं’ म्हटले आणि शेंगा सोलू लागली. संगमनेर येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली होती.

हे बोलणे घरी झाले असते का? मला वाटत नाही. घरी कुकर असतो, दारावर कुणी येते, तिचे पप्पा टीव्ही लावतात. फोनवर तर मुळीच झाले नसते. डोंगर चढताना दम लागतो, तिथे बोलणे सुचत नाही. दोन सीट, तीन तासांचा रस्ता, हाताला फारसे काम नाही आणि एकमेकींच्या डोळ्यांत पाहण्याची सक्तीही नाही, असा वेळ मायलेकींना आणखी कुठे मिळतो? मला तो जाण्याच्या दिवसाने दिला.

बारीतील संध्याकाळ

संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याला पुन्हा बदलली. अकोले हा आदिवासी तालुका. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेल्या या माऊलीने गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. थोर क्रांतिकारक राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. इंग्रजांनी त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. राजूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची काढणी चाललेली होती. ऊस कुठेच नव्हता. पाणी साठविणारा हा तालुका, पण उसाची हिरवाई खालच्या अंगाला. या विषमतेवर लेकीनेच बोट ठेवले. मला आनंद झाला.

बारीला पोचलो तेव्हा उन्हे कलायची होती. गावात मुक्कामाची आणि जेवणाची सोय घरोघरी होते. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या महादेव कोळी समाजातील मावशी आमच्याच वयाच्या. पायातली चप्पल काढून आत शिरतो तोच त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केले. कोण, कुठल्या, हे नंतर. आधी पाणी. मग एक वही आणून म्हणाल्या, ‘‘ताई, नावं लिवा हितं.’’ मी पिशवीतून चष्मा काढेपर्यंत मुलीने वही ओढून घेतली होती. तिने दोघींची नावे लिहिली. पूर्ण लिहिली.

ज्या डोंगरापाशी आम्ही आलो होतो तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८६ साली झाले आणि ते सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे आहे. अनेकांना राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य एकच वाटते, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोहोंत फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात माणसाच्या वस्तीला आणि गुरे चारण्याला वाव नसतो. अभयारण्यात नियमांच्या आत राहून गावांचे हक्क चालू राहू शकतात. महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. आपल्या जिल्ह्यात एकही नाही. पण कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आणि हे डोंगराळ अभयारण्य आपले आहे. इथे शेकरू आहे, बिबट्या आहे, आणि त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत. आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जातो, हे विसरून चालणार नाही.

रात्री नागलीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा झाला. जेवताना मावशींनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. या भागात ती घरोघरी सांगतात. कळसू ही कोळ्यांची पोर. ती एका पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून. बाकी सगळे काम करीन, पण केर आणि भांडी करणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि तिला तेच काम करायला लावले. तिने ते केले, पण राग मनात धरून घर सोडले, डोंगरावर निघून गेली आणि परत आली नाही. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा, अशा खुणाही लोक दाखवितात.

आपण बुद्धाची लेकरे. देवी म्हणून हात जोडण्याचा हा विषय नाही. पण लोकांनी आपल्या सर्वांत उंच जागेला, १६४६ मीटर उंचीच्या शिखराला, कामाची अट पाळली नाही म्हणून घर सोडणाऱ्या मजूर पोरीचे नाव दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोष्ट संपल्यावर मुलगी उठली आणि सगळ्यांची ताटे उचलून मोरीवर गेली. मावशी ‘‘राहू दे गं’’ म्हणाल्या. ‘‘अट तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही,’’ असे ती म्हणाली आणि आम्ही तिघी हसलो. नऊ वाजता दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीही माथ्यावर पोचलो, एवढेच सांगते. तिथले वर्णन पुष्कळांनी केलेले आहे. पुण्याला परतल्यावर मुलीने झेरॉक्स दिली. त्या काकूंनी ती न वाचताच फायलीला लावली, असे तिने फोनवर सांगितले. सगळीकडे असेच होईल असे नाही. तरी जिन्यात त्या दिसल्या की आता पोटात गोळा येत नाही, एवढे झाले.

जाणाऱ्या भगिनींसाठी

१. एस.टी.च्या वेळा बदलतात. आदल्या दिवशी स्थानकावर चौकशी करावी. संगमनेर, अकोले, राजूर अशी गाडी बदलण्याची तयारी ठेवावी. मुंबई-नाशिककडील भगिनींनी इगतपुरी-घोटीवरून बारीस यावे. कुठूनही आलात तरी सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचण्याचा बेत असावा.

२. मुक्कामाची सोय आधी फोन करून पक्की करावी. दर, जेवण, झोपण्याची जागा आणि संडास-न्हाणीघर याविषयी स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला? पैसे आपण देणार आहोत.

३. प्रवासात पाणी प्यावे. स्थानकांवरील स्वच्छतागृहांच्या भीतीने आपण बायका दिवस दिवस कोरड्या राहतो आणि दुसऱ्या दिवशी चढावर पायात गोळे येतात. स्वच्छतागृह घाण असेल तर तेथील तक्रार पुस्तकात नाव घालून लिहावे. दहा बायकांनी लिहिले तर दखल घ्यावीच लागते.

४. मासिक पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि वापरलेले परत आणण्यासाठी जाड पिशवी बरोबर ठेवावी. डोंगरावर टाकू नये.

५. पिशवी एकच, पाठीवरची. पक्क्या तळव्याचे बूट, एक स्वेटर, टॉर्च, गूळ-शेंगदाणे, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि गुडघ्याचा पट्टा. बूट नवे कोरे नकोत, महिनाभर वापरलेले असावेत. साडीत चढता येते, पण शिडीवर सलवार-कमीज बरी.

६. वन विभागाच्या नाक्यावर शुल्क घेतले तर पावती मागावी. प्लॅस्टिक, जाळ आणि मोठ्या आवाजाची गाणी अभयारण्यात नेऊ नयेत.

७. खर्च लिहून ठेवावा. आमचा दोघींचा तीन दिवसांचा खर्च, भाडे, मुक्काम आणि जेवण धरून, अडीच हजारांच्या आत बसला. लग्नसराईत आपण एका साडीला तेवढे सहज देतो.

कळसूबाईच जावे असे माझे म्हणणे नाही. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांनी रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर पाहावे, त्यावरील शिल्पकाम फिरून पाहण्यासारखे आहे. भंडारदऱ्याच्या काठाने हिंडावे, मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधी काजवे पाहावेत. मराठवाड्यातील भगिनींनी वेरूळ-अजिंठ्याला जावे, विदर्भातील भगिनींनी ताडोब्याला. जागा कोणतीही असो, दोघींनीच जावे आणि दिवसाउजेडी जावे. ज्यांच्या मुली बाहेरगावी शिकतात किंवा नोकरी करतात त्यांनी तर या उन्हाळ्याच्या सुटीतच बेत करावा. मुलगी काय शिकते, किती गुण मिळविते हे आपल्याला ठाऊक असते. ती कुणाच्या जिन्यातून भीत भीत उतरते हे ठाऊक नसते. ते विचारून कळत नाही. शेजारी बसून वाट पाहावी लागते, आणि त्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा लागतो.

जयभीम!